झाडामुळे ज्योत दिसत नव्हती

शनिवार, १७ जानेवारी. दिल्ली. सकाळी ११.१०

राष्ट्रीय युद्ध स्मारकात, बरोबर या वेळी, गुरुदत्तच्या कोरलेल्या नावावर माझं बोट होतं. माझा भाऊ. एकाहत्तरनंतर आज पहिल्यांदा सापडला. आणि मागून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्र्यंबकराव – "मॅडम, आटपा! छोले थंड होतायत!" शी!

गाइडने रचना समजावली. मधोमध ज्योत, तिच्याभोवती शौर्याची शिल्पं, मग नावांच्या भिंती, आणि सगळ्यात बाहेर झाडांचं वर्तुळ. मला वाटलं होतं, झाडं शोभेची! नाही – एकेक झाड म्हणजे पहाऱ्यावरचा जवान. मी तिथेच बसले. गुरुदत्त गेल्याची तार आली त्या वर्षी आईने डोंबिवलीच्या बंगल्यासमोर जांभूळ लावलं. "दारात कुणीतरी उभं हवं," म्हणाली. सातवी शिकलेली बाई! आताच्या सोसायटीसाठी बंगला बिल्डरला देताना माझी एकच अट होती – जांभूळ राहील.

त्र्यंबकराव फोनवर कंत्राटदाराशी बोलत होते. मग मला म्हणाले, "सव्वीसला आपल्या आवारात अस्संच उभारू. ज्योत तुमच्या हस्ते. शहिदाची बहीण!" माणूस पहिल्यांदाच बरा वाटला.

रविवार, १८ जानेवारी

परतीचा प्रवास. पत्ते, ढेकर, देशभक्तिपर भेंड्या. किळस!

मंगळवार, २० जानेवारी. डोंबिवली

जांभूळ नाही.

त्या जागी प्लायवूडची वर्तुळं. ग्रॅनाइटसारखा दिसणारा चिकट कागद. त्यावर नावं कुणाची? वर्गणीदारांची! आणि बाहेरच्या वर्तुळात प्लास्टिकची झाडं.

"झाडामुळे गेटवरून ज्योत दिसत नव्हती हो," त्र्यंबकराव. "आणि नवी झाडं लावलीत की! पाणीसुद्धा नको."

मी म्हटलं, "तो पहाऱ्यावर होता."

"कोण?"

गुरुवार, २२ जानेवारी

संध्याकाळी ज्योतीची रंगीत तालीम. धूरच धूर! शेजारची कल्पिता धावत आली – "मावशी, खिडक्या लावून घ्या. लाकूड ओलं आहे ना अजून."

कुठलं लाकूड?

ती माझी खिडकी ओढून घेऊ लागली. मग हळूच – "मला वाटलं, तुम्हाला माहितेय."

शाळेत सिस्टर म्हणायच्या, तोंडी माफी ही माफीच नव्हे. म्हणून हे पान फाडून त्र्यंबकरावांच्या दाराखालून सारते आहे. त्र्यंबकराव, उरलेलं लाकूड माझ्या दारात आणून ठेवा. कुणी तोडायला सांगितलं, कुणी जाळायला सांगितलं, ते सहीनिशी लेखी कळवा. नाहीतर सव्वीसला ज्योतीपाशी मी येईनच – बादली घेऊन. मुदत : रविवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाच.