टोमॅटोंवर पांघरलेलं रुखवत

आदरणीय बेगीमाय ताईंस,

धाकट्या एसेनबेकचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमचे गुडघे, भावजींचा खोकला आणि बिश्केकचा धूर, सारं बेतात आहे ना? आम्ही नारिनकर सुखरूप आहोत. थंडीने अजून कोणाचं नाक नेलेलं नाही.

ताई, तुम्ही म्हणायचात (मोठ्या आहात, म्हणून कोणी उलटून बोललं नाही) की आपल्या डोंगरात बटाटा आणि हट्ट याशिवाय काही पिकत नाही. माझ्या सायरागुलने लग्न होऊन दक्षिणेतल्या जलालाबादच्या उबेतून इथे येऊन टोमॅटो लावला, तेव्हा गल्लीभर हशा झाला. कित्येक वर्षं शरद लागला की झाडं एका पहाटेत काळी पडायची. ती उपटायची, नाक पुसायची आणि वसंतात खिडकीत पुन्हा रोपं मांडायची. यंदा मात्र असे टोमॅटो धरले, की शेजारचा जुमाश (जो स्वतःच्या घोड्यालाही कधी चांगलं म्हणत नाही) कुंपणावर हनुवटी टेकून उभा राहतो.

तर गेल्या शुक्रवारी आपल्या लेकीच्या, अल्तिनायच्या, कानांत कुंडलं घालायला तिच्या होणाऱ्या सासूबाई, बुराकान, यायच्या होत्या. कुंडलं घातली की सोयरीक पक्की. बाई भलती कडक (त्यांच्या घरी म्हणे दूधसुद्धा विचारून उतू जातं). मी मांस शिजत टाकलं, चहाचा सामोवार पेटवला. दुपार कलली आणि वारा एकदम पडला, आभाळ काचेसारखं झालं. सायरागुलने अंगणात जाऊन वर पाहिलं आणि म्हणाली, "आज दव गोठणार." त्यानंतर घरात वादळ झालं. पोती गेली, पडदे गेले, माझा कोट गेला. तरी अर्धी बाग उघडीच. मग तिने हात घातला तो थेट अल्तिनायच्या रुखवताला! मायलेकींनी शिवलेल्या मखमली रजयांची ती छतापर्यंतची चळत. मी दारात आडवा उभा राहिलो.

"अगं, विहीणबाई हेच बघायला येताहेत!"

"मग बागेत बघतील. सरका तुम्ही."

मी सरकलो. (मी नेहमीच सरकतो.) आणि नेमक्या तेव्हाच विहीणबाई आल्या. घर उघडं, चुलीवर मांस, माणूस एक नाही. आवाजाच्या रोखाने त्या मागे आल्या, तर टोमॅटोंवर लालभडक मखमल आणि होणारी सून चिखलात गुडघे रोवून. मी घाबरून काहीबाही बोललो, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. वाकून एका रजईचे टाके निरखले.

"शिवण कोणाची?"

"माझी," अल्तिनाय म्हणाली.

"आणि ही मातीत घातलीस?"

"रजई धुता येते, आई. टोमॅटो मेला तर धुऊन परत येत नाही."

बुराकानबाईंनी सायरागुलकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग अंगातला जाडजूड कोट काढला आणि म्हणाल्या, "त्या मिरच्या उघड्या राहिल्या की गं! बघत काय बसलात?" अंधारून येईपर्यंत तिघी राबल्या. अल्तिनायचे दोन्ही हात रजईचं टोक ताणण्यात गुंतलेले, म्हणून विहीणबाईंनी मातीच्या बोटांनी तिथेच तिच्या कानांत कुंडलं घातली.

सकाळी सारी गल्ली पांढरी. सायरागुलने एकेक रजई उचलली. खाली सगळं हिरवं, लाल, जिवंत. ती तिथे उभी होती, ताई, आणि मला खूप काही बोलायचं होतं. मी एवढंच म्हणालो, "चहा निवतोय."

तुमचा धाकटा,
एसेनबेक

ता. क. : घाबरून जे काहीबाही बोललो, ते असं, की या तर रोजच्या वापरातल्या रजया आहेत; खरं रुखवत, सोनेरी काठाचं, बिश्केकला ताईंकडे आहे. विहीणबाई बुधवारी तिकडे येताहेत. कुठून तरी आठ-दहा रजया उसन्या आणून रचून ठेवा. भावाची लाज तुमच्या हाती.

ता. क. दुसरा, सायरागुलच्या हातचा : वन्सं, काही आणू नका. ह्यांची थाप मी विहीणबाईंना त्याच संध्याकाळी सांगून टाकली, खूप हसल्या. आता त्या मुद्दाम बघायला येताहेत, की थापा एकट्या भावाच्याच आहेत की घराण्याच्या. नुसता चहा पाजा. सोबत टोमॅटोची पेटी पाठवतेय. बटाटे नाहीत त्यात.