वरची पट्टी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
आजपासून जाहिरातींशी उघड युद्ध. ठिणगी काल पडली. स्वातंत्र्यावरचा लेख वाचत होतो, मधोमध गादी आली. गादी मिटवली, तर उशी आली. गादी ओलांडल्याशिवाय स्वातंत्र्यापर्यंत पोचू न शकणारा समाज झोपलेलाच राहणार. (वाक्य जमलंय. १६ तारखेला वापरायचं.)
वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलंय. तीन वर्षांनी कोणीतरी बोलावलं. विषय मीच दिला: 'जाहिरातमुक्त मन'.

४ मार्च.
ॲड ब्लॉकर टाकला. त्यात फिल्टरच्या याद्या निवडायच्या असतात. मुलगी म्हणाली, बाबा, दोन पुरेत, सगळ्यांवर टिक केलंत तर साइट्स मोडतात. म्हटलं, क्रांती दोन टिकांत होत नसते. एकतीस घेतल्या. एकीचं नाव कुठल्या भाषेत होतं ते कळलं नाही. तीही घेतली.

५ मार्च.
हवामानाच्या पानावर फक्त तारीख उरलीय. बायकोने विचारलं, छत्री नेऊ का? म्हटलं, खिडकीतून बघ, माणसं पूर्वी तेच करायची. भिजून आली.

६ मार्च.
हाताने खोडायचंही हत्यार आहे. ज्यावर क्लिक कराल ते कायमचं गायब. वाचनालयाच्या साइटवर वरच्या पट्टीत कुठल्याशा शिकवणीवर्गाचा माणूस हसत होता. अख्खी पट्टीच उडवली. ग्रंथांच्या घरावर असलं तोरण नको.

८ मार्च.
ग्रंथपालबाईंचा फोन. म्हणाल्या, सर, व्याख्यानाची सूचना साइटवर टाकलीय, तुमच्या फोटोसकट, अगदी वर.
बघितलं. नाही.

९ मार्च.
नाही. बायको आपला फोन घेऊन काहीतरी दाखवायला आली. तिच्या फोनवर ब्लॉकर नाही. तोंड फिरवलं.

११ मार्च.
बाईंना जाब विचारला. म्हणाल्या, आहे की सर, पान पुन्हा उघडून बघा. बावीस वेळा उघडलं. मुलगी म्हणाली, ब्लॉकर एकदा बंद करून बघा ना. म्हटलं, तत्त्वं बंद-चालू करायला ती पंख्याची बटणं नाहीत.

१२ मार्च.
उघड आहे. जाहिरातवाल्यांनी वाचनालयावर दबाव आणलाय. साडेचार पानी निषेध पाठवला, व्याख्यान मागे घेतलं. उद्या पाया पडत येतील.

१३ मार्च.
उत्तर आलं. दोन ओळी. निर्णयाचा आदर आहे, दुसरे वक्ते मिळाले. दुसरे वक्ते म्हणजे माझा मेहुणा. धंदा: जाहिरात एजन्सी.
कट सिद्ध झाला.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.
मेहुण्याला रिकाम्या खुर्च्या लखलाभ. बायको निघाली. म्हणाली, माझा भाऊ आहे, आणि तो तुमच्यापेक्षा थोडक्यात आटपतो.

त्याच दिवशी, ८.
आली. म्हणाली, हॉल भरला होता, माणसं दारात उभी होती. निम्मी तुमचा फोटो बघून आलेली, हे का नाहीत म्हणून मलाच विचारत होती. कसला फोटो, म्हटलं. तिने फोन समोर धरला. म्हणाली, हेच दाखवायला आले होते त्या दिवशी, जपून ठेवलंय. वाचनालयाचं पान. वर पट्टी. पट्टीत मी, हात उंचावलेला.
फोटो जुना आहे, एवढंच बोललो.

१७ मार्च. दुपारी, घरात कोणी नसताना.
केवळ तांत्रिक तपासणी म्हणून, वाचनालयाची पट्टी उडवणारा तो एक फिल्टर काढला. पट्टी परत आली. तिच्यात मेहुणा, हसरा. खाली: 'लोकाग्रहास्तव येत्या रविवारी पुन्हा. विषय: जाहिरातमुक्त मन.'
पट्टी पुन्हा उडवली.
फिल्टर उत्तम चालतो.