पांढरी पडलेली पट्टी

भरे, ता. मुळशी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रदीप,
सप्रेम जय भीम.

तू बरा असशील. रांजणगावला कंपनीत आता कुठली पाळी आहे कोण जाणे. आमचं इकडे चाललंय. आईचा गुडघा पाऊस उघडल्यापासून जरा नरम आहे, पण बसून राहायची तिला सवय नाही. सकाळपासून नर्सरीत मातीच्या पिशव्या भरते आणि संध्याकाळी माझ्यावर ओरडते. पिरंगुटची गर्दी तू गेलास तेव्हापेक्षा दुप्पट झालीय. पौडची एसटी कधी येईल ते आता ड्रायव्हरलासुद्धा ठाऊक नसतं.

पत्र बघून म्हणशील, हिच्याकडे फोन नाही का. फोन तू उचलत नाहीस, हे एक. दुसरं म्हणजे फोनवर मी चारदा लिहिलं आणि चारदा पुसून टाकलं. फोनवर पुसलं की काही उरत नाही, कागदावर खोडलं तरी खूण राहते. म्हणून कागद घेतला. पेन्सिलीने लिहितेय, त्यालाही कारण आहे.

तुला एक कामाचं विचारायचं होतं. लवळ्याच्या एका कॉलेजात बागेचं काम बघणाऱ्या ज्ञानदा मॅडम आहेत. त्यांना आवारातल्या तीनशे झाडांना नावाच्या पट्ट्या हव्यात, आणि त्या निदान दहा वर्षं वाचता आल्या पाहिजेत. आपल्याकडे नाव दहा आठवडे टिकलं तरी डोक्यावरून पाणी, हे मी त्यांना सांगितलं नाही. बघते म्हटलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेटाजवळच्या तारेवर पाच तऱ्हेच्या पट्ट्या टांगल्या आणि सगळा पावसाळा तशाच ठेवल्या.

आपली नेहमीची, बादलीच्या प्लास्टिकची, मार्करने लिहिलेली पट्टी आधी गेली. मार्करवर पर्मनंट असं छापलेलं असतं. ते छापलेलं अजून शाबूत आहे, त्याने लिहिलेलं मात्र गेलं. आइस्क्रीमच्या काड्यांना ऑगस्टात बुरशी आली आणि नंतर वाळवी. मोठ्या हौसेने कागद छापून लॅमिनेशन करून आणला होता, त्यात कडेने पाणी शिरलं आणि कागद आतल्या आत कुजला. फरशीच्या तुकड्यावर ऑइलपेंटने लिहिलेलं टिकलं, पण कलमाच्या पिशवीत फरशी कुठे ठेवणार. राहिली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. तिच्या अर्ध्या भागावर साध्या पेन्सिलीने लिहिलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवून, शाई संपलेल्या पेनने दाबून लिहिलं होतं. दोन्ही जशीच्या तशी आहेत. दाबून लिहिलेलं तर बोटालाही लागतं. तार मात्र तांब्याची घ्यायची आणि सैल बांधायची, नाहीतर झाड जाडावलं की ती खोडात रुतते.

हे चाललं होतं तेव्हा आप्पा होते. खुर्ची टाकून बघत बसायचे. एकदा म्हणाले, "ह्ये आदी सुचलं आसतं, तर पोरगं घरात आसतं." मी पुढची तार कापायला घेतली.

इथपर्यंत येऊन मी तीन वेळा पत्र फाडलंय. तुला पट्ट्यांबद्दल विचारायचं काहीच नाहीये. कुठली घ्यायची ते मला कळलंय.

२०१८ चा जुलै आठव. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि आप्पा तिच्याबरोबर अकरा दिवस पुण्याला दवाखान्यात होते. नर्सरी आपल्या दोघांवर होती. तू टेम्पो आणि बाहेरची कामं बघायचास, रोपांच्या ओळी माझ्याकडे होत्या. निघताना आप्पांनी मला एवढंच सांगितलं होतं, "नावं पुसट झाल्यात, तेवढी गडद करून घे." उद्या करते म्हटलं. उद्या उद्या करता पावसाने झोड उठवली. सहाव्या दिवशी बघते तर केशर आणि पायरी, आंब्याच्या दोन्ही ओळींच्या पट्ट्या धुऊन पांढऱ्याफटक. कलमं एकाच आठवड्यात बांधलेली, एकाच उंचीची. कुठली ओळ कुठली, काही कळेना.

तुला विचारता आलं असतं. आप्पांकडे दोन पानं पाठवता आली असती. पण मग काम केलं नाही हे कळलं असतं. मी एकेका ओळीतलं पान तोडलं, चुरगाळलं आणि आप्पा करायचे तसा डोळे मिटून वास घेतला. रुपालीला माझं नाक आलंय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आठवतं? तुझ्याबद्दल त्यांनी कधी असं काही म्हटलेलं मला आठवत नाही. आणि खरं सांगते प्रदीप, ते तुझ्याबद्दल म्हणत नाहीत हेही मला आवडायचं. वास घेतला आणि ठरवून टाकलं, ही केशर, ती पायरी. सगळ्या पट्ट्यांवर नवीन नावं लिहिली. चार दिवसांनी तू त्या पट्ट्या वाचून मुठ्याच्या विश्रामकाकांचा टेम्पो भरलास. साठ केशर. दुसऱ्या ओळीतली बहुतेक कलमं फार्महाउसवाल्यांनी पायरी म्हणून नेली.

नावं उलटी लागली होती. ती मी लावली होती.

चार वर्षं कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही, हे मात्र खरं. मग २०२२ च्या मेमध्ये विश्रामकाका पिशवी घेऊन आले आणि आप्पांच्या पुढ्यात आंबे ओतले. "कोंडीराम, लेकरावानी झाडं जपली. ह्यो केशर हाय व्हय? दोन दिसात मऊ पडतुया, मार्केटला कोन उचलंल ह्याला?" तो आंबा बघितला आणि मला ती ओळ आठवली, तो पाऊस, चुरगाळलेलं पान, सगळं. आप्पांच्या मनात दुसरंच आलं. फार्महाउसचा मॅनेजर ऋषिकेश तुझा दोस्त. तू केशर त्याच्याकडे घातलंस आणि काकांच्या टेम्पोत पायरी भरलीस, असं ते विश्रामकाकांसमोरच म्हणाले. तू म्हणालास, "आप्पा, म्या पट्टी वाचून भरलीत." त्यावर ते म्हणाले, "पट्टी काय आपल्या मनानं खोटं बोलती व्हय? चल, भाईर हो. परत ह्या गेटात पाऊल टाकू नगं."

मी दहा हातांवर पाण्याचा पाइप धरून उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. पट्ट्या मी लिहिते हे तुला ठाऊक होतं, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. ताई चुकणार नाही, असं तुला वाटलं असेल. का ताई बोलेल, असं वाटलं? मी ठरवलं, विश्रामकाका गेले की सांगते. काका गेले तेव्हा तू बॅग भरत होतास. मग म्हटलं, आप्पांचा राग उतरला की सांगते. असं करत तीन वर्षं गेली. कोविडनंतर आप्पांना वास येत नव्हता हे तुला माहीत आहे. ते पान तोडून माझ्या नाकाशी धरायचे आणि विचारायचे, "सांग, काय हाय?" मी पानाची कड बघून काहीतरी सांगायची. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता की दुसऱ्या कुणाला ते विचारतच नसत.

हे एवढंच असतं तर मी भित्री निघाले, असं म्हणून गप्प बसले असते. पुढचं जास्त वाईट आहे.

त्या पायरीच्या ओळीतलं एक कलम उरलं होतं. ते आप्पांनी शेडच्या मागे लावलं होतं. सावलीत असल्यामुळे रखडलं आणि या मेमध्ये पहिल्यांदा फळाला आलं. आप्पांनी आंबा कापला. आत भगवा, पुढे चोच. केशर. फोड उलटीपालटी करून बघितली. मग झाडाला लटकलेली जुनी पट्टी हातात घेतली. कोरी, पांढरी, अक्षराचा पत्ता नाही. ते म्हणाले, "म्हंजी नावंच उलटी लागलीवती. रुपाली, ह्यावर नाव कुनी लिवलंवतं?"

अक्षर राहिलं असतं तर त्यांनी लांबून ओळखलं असतं. अक्षर नव्हतं, आणि सात वर्षांपूर्वी ते काम मला सांगून गेले होते हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "प्रदीपनं."

मला तुझ्यावर ढकलायचं होतं असं नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघाल्यावर मी ते परत घेतलं नाही, आणि त्याला काही कारण माझ्याजवळ नाही.

आप्पा रडले, प्रदीप. तू फसवलं नव्हतंस, याचा त्यांना आनंद झाला होता. त्याच दुपारी त्यांनी तुला फोन लावला. तो फोन तू विसरला नसशील. मी शेजारी बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "प्रदीप, झाडानं दावलं मला. तू फसवलं न्हाईस, तुज्या हातनं चूक झाली. म्या माफ केलंय, तू ये." तू म्हणालास, "आप्पा, चूकबी म्या केली न्हाई. माफी कसली करताय?" आणि फोन ठेवलास. त्यांनी फोन खाली ठेवला. "लई ताठा हाय त्याला," म्हणाले. तेव्हासुद्धा मला बोलता आलं असतं. मी त्यांच्यासाठी चहा टाकायला उठले.

एकोणीस ऑगस्टला ते गेले, तोच समज घेऊन. त्यांनी दिलेली माफी चुकीच्या माणसाकडे गेली. मला ती हवी होती, आणि मागायची वेळ मी घालवली.

त्या दिवशी तू आलास आणि आप्पांना बाहेर आणेपर्यंत पावसात रस्त्यावर उभा राहिलास. गेटाच्या आत आला नाहीस. खांदा दिलास आणि तिथूनच परत गेलास. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक विचारत होते, मुलगा कुठे आहे. मी सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. हेही खोटंच.

मागच्या रविवारी मी ॲल्युमिनियमची पहिली पट्टी लिहिली. मॅडमच्या झाडांसाठी नाही, शेडमागच्या झाडासाठी. पेनने दाबून लिहिलं: केशर. कलम २०१८. पायरी हे चुकीचं नाव रुपालीने लिहिलं होतं, प्रदीपने नाही. बांधत होते तेवढ्यात आई आली. म्हणाली, "झाडाचं नाव एवडं लांब आसतंय व्हय? काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. मग फोनचंही सांगितलं.

ती तिथेच मातीत बसली. म्हणाली, "त्या दिशी म्या त्याला हाताला धरून म्हनलं, आत ये, बापाचं तोंड बघ. तर म्हनला, आप्पांनी न्हाई म्हनून सांगितलंय. बाप मेल्यावरबी त्यानं बापाचं आयकलं." आणि मग म्हणाली, "मला सांगून काय हुतंय? त्याला लिव."

वर लिहिलं की ती संध्याकाळी माझ्यावर ओरडते. ते खरं नाही. आठवडा झाला, ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि उठून जाते. काल मुठ्याला जाऊन विश्रामकाकांनाही सांगून आले. त्यांनी ती झाडं छाटून त्यांवर केशराचं कलम बांधून घेतलंय. एवढंच विचारलं, "पोराच्या कानावर घातलंस का?"

पाकिटात दोन पट्ट्या ठेवल्यात. पांढरी आहे ती त्या झाडावरची जुनी. उन्हात कशीही धरलीस तरी तिच्यावर काही दिसणार नाही, मी खूप बघितलंय. दुसरी नवीन आहे, शेडमागच्या पट्टीवर जे लिहिलंय तेच हिच्यावर. ती तुझ्याजवळ असू दे. उद्या कुणी काही म्हटलं तर दाखवायला उपयोगी पडेल. मी पुन्हा खोटं बोलले तर मलाही दाखव.

मला माफ कर, असं मी लिहीत नाही. तो शब्द तुला एकदा फुकट ऐकावा लागलाय. आईसाठी मात्र ये. गेट मी काढून ठेवलंय. बिजागऱ्या उचकटून शेडला टेकवून ठेवलंय, आता तिथे नुसती वाट आहे. आप्पांनी तुला गेटात पाऊल टाकू नको म्हटलं होतं. तू त्यांचं ऐकतोस ते मला ठाऊक आहे, म्हणून मला एवढंच सुचलं.

पत्राखाली "तुझी ताई" असं लिहिलं होतं. खोडलंय, पण खूण दिसेल.

रुपाली