पडावावर चाकू व बत्ती बाळगण्यास परवानगी मिळण्याविषयी

प्रति,
मेहेरबान बंदर अंमलदार साहेब,
बंदर कांदळवाडी, जिल्हा रत्नागिरी

विषय : जप्त केलेला चाकू व विजेची बत्ती येत्या सोमवारच्या बोटीपूर्वी परत मिळण्याबाबत.
संदर्भ : खलाशांनी पाते अगर खाजगी बत्ती जवळ बाळगू नये, हा आपल्या कचेरीचा हुकूम.

महोदय,

अर्जदार काशीराम भागोजी भाटकर, राहणार कांदळवाडी, उतारूंना धक्क्यावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होतो. मिटवता येणारा लाकडी मुठीचा चाकू आणि दोन सेलांची बत्ती ही माझ्या कमरेला कायम असत.

दिवाळीच्या सुमारास बोट तिन्हीसांजेला आली. आमचा पडाव भरलेला होता व बोटीला दोराने बांधला होता. इतक्यात वारा फिरला, लाट वाढली आणि पडावाची कड बोटीच्या शिडीखाली अडकली. प्रत्येक लाटेला पडाव खाली दाबला जाई व पाणी आत येई. दोर ताणून गाठ आवळली होती. माझ्या जोडीचा खलाशी धोंडू याने ती सोडण्याची शिकस्त केली, त्याची नखे निघाली. पडावावरचा कंदील विझला होता. मी बत्ती दातांत धरली व दोर कापला. पडाव सुटला. माणूस एकही गेले नाही. यमुनाबाई नावाच्या उतारूची पेटी मात्र समुद्रात गेली.

पडावांचे मक्तेदार गंगारामशेट यांनी तक्रार केली की, दोर विनाकारण कापला. कंदील विझल्याचे ते कबूल करीत नाहीत. चाकू व बत्ती दोन्ही तयार होती, त्याअर्थी दोर कापण्याचा बेत आधीच ठरला होता, असे त्यांचे म्हणणे. आपल्या कचेरीत मला विचारण्यात आले, "समुद्रात चाकू कशाला लागतो?" मी म्हटले, "साहेब, गाठ सुटली नाय तर लागतो." हे उत्तर उद्धटपणाचे ठरून दोन्ही वस्तू जप्त झाल्या, संदर्भातील हुकूम निघाला व मला पडावावरून उतरविण्यात आले.

आता पडाव धोंडू चालवितो. त्याने मक्तेदारांकडे चाकू मागितला असता, सुटेल अशीच गाठ मारावी, असे त्यास सांगण्यात आले. धोंडू हल्ली घरी ओल्या दोराच्या गाठी दातांनी सोडून पाहतो. त्याचा एक दात हलू लागला आहे.

साहेब, मला चैन पडत नाही. बोटीचा भोंगा झाला की मी जेवणावरून उठून धक्क्यावर जातो व पडाव परत येईपर्यंत उभा राहतो. हात आपोआप कमरेला जातो. तुम्ही धक्क्यावर उभे राहून काय होणार, असे माझी बायको मथुरा रोज विचारते.

येत्या सोमवारी माझी मुलगी चिमा तान्ह्या मुलाला घेऊन मुंबईस नवऱ्याकडे जाणार आहे. घाटातील मोटार तिला सोसत नाही. तिला त्याच पडावातून बोटीवर जावे लागेल. थांब म्हटले तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नेलीत ती माणसे गेली ना नीट? मग मला कसली भीती घालता?" त्या वेळी माझ्याकडे काय होते व आता धोंडूकडे काय नाही, हे मी तिला सांगितलेले नाही.

सबब अर्ज की, दोन्ही वस्तू माझ्या हाती देणे आपणास योग्य वाटत नसल्यास त्या धोंडूच्या हाती द्याव्यात. मला पडावावर परत घ्यावे, असा माझा हट्ट नाही.

तसे न झाल्यास मी सोमवारी तिकीट काढून उतारू म्हणून त्याच पडावात बसणार आहे. हुकूम खलाशांपुरता आहे. उतारूने काय जवळ बाळगू नये, ते त्यात लिहिलेले नाही. माझ्या मांडीवर घरची नारळ फोडण्याची कोयती असेल. ती झाकलेली नसेल. मागाहून कोणी लपविलेले हत्यार म्हणू नये, म्हणून आजच कळवीत आहे.

आपल्या बंदरावरचा ताबेदार,
काशीराम भागोजी भाटकर
दस्तुर खुद्द
कांदळवाडी, ता. ११ माहे डिसेंबर १९३४

सोबत : हुकुमाची नक्कल.