अर्जंट ट्रंक

४ मार्च ६३, सोम. अकोला.
जिनिंग-प्रेसच्या हापिसात फोनच्या बोर्डावर आज नवा माणूस. सुखदेव, भातकुलीचा. म्याट्रिक पास. (मी दोनदा नापास, तरी बोर्ड माह्या बोटावर नाचते.) त्याच्या घरातला पयलाच खुर्चीवर बसून राह्यला. एक महिना ट्रायल, मंग पक्का. मी काही बोललो का तो वहीत लिवते. एक्स्टेन्शन म्हंजे हापिसातल्या हापिसात. एंगेज म्हंजे तिकडचा आंधीच बोलून राह्यला. इथवर खरं सांगतलं.

५, मंगळ.
"मन्याभाऊ, होल्ड म्हंजे काय धरू?"
"वायर धर. घट्ट. नाई तं आवाज सांडते."
दहा मिनिटं वायर धरून उभा! सारे बाबू पोट धरून. मंग तोही हासला.

६, बुध.
साहेब बोलले, "अमरावतीले अर्जंट ट्रंक बुक कर," अन् प्रेसात गेले. एक्स्चेंजले फोनाचा नंबर देनं, बस, एवढंच काम. सुखदेवनं इचारलं, "कोठी बुक होते भाऊ?"
तोंडातून निंगालं, "स्टेशनावर, पार्सलात. साहेबाच्या टेबलाखाली हिरवी पेटी हाय ना, तेच."
वाटलं, दारातूनच वापस येईन. मी चहाले गेलो.
आलो तं ट्रंक नाई. सुखदेव नाई.
घंट्याभरानं आला, घामानं चिंब, हातात पावती. "अर्जंटच लावली भाऊ."

७.
ट्रंकेत भागीदाराच्या कज्ज्याचे कागद. शनिवारी इथंच अकोल्याच्या कोर्टात तारीख. अमरावतीच्या हापिसात ट्रंक पोचलीच नाई. बडनेऱ्याले गाडी बदलते, तिथं कोनालेच ठाव नाई.
साहेब: "शनिवारी कागद नसले तं तू घरी. कोनं सांगतलं होतं तुले?"
सुखदेव: "चूक माही, साहेब."
वही त्याच्या खिशातच. म्या पाह्यली हाय ते वही. 'ट्रंक – स्टेशन, पार्सल (मन्याभाऊ).'


८, शुक्र.
"मन्याभाऊ, ट्रंक म्हंजे खरं काय?"
सांगतलं. दूरगावचा फोन. त्यानं जुनं खोडलं, नवं लिवलं. कंसातलं माहं नाव तसंच ठेवलं.
"माहं नाव काहून नाई घेतलं बे?"
"तुमीच तं शिकवून राह्यले ना मले."
याच्यापक्षा दोन झापडा देल्ल्या असत्या तं...

९, शनि. साडेदहा.
बडनेऱ्याचा ट्रंक सकायपासून बुक हाय, लागत नाई. साहेब कोर्टात निंघाच्या बेतात. सुखदेव पिशवी भरून बाकावर बसला. डबा, वही, इस्त्रीचा सदरा.
साहेबाच्या खोलीत जाऊन सांगाची हिंमत नाई. माहं नाव बोर्डावरूनच सांगतो. तोंड दिसत नाई. साहेबाच्या एक नंबरच्या भोकात प्लग घातला, घंटी देल्ली. वाजून राह्यली. एका हातानं लिवून राह्यलो.
उचलला.
"कोन? बोल ना!"
तोंडातून निंगालं, साहेब, होल्ड करा.