शुक्रवारची वेणी

प्रिय आई,

तुला जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज शनिवारी सकाळी कणीक तशीच झाकून ठेवून लिहायला बसलेय. उद्या मला मंडळीपुढे उभं राहून गायन चालवायचंय. काल काळेवाडीत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून सूर निघणार नाही.

तू शुक्रवारी कुठे जायचीस, ते मला कळलंय.

शुक्रवारी दुपारी आपल्या चर्चमध्ये उपास-प्रार्थना असते. मी पेटी वाजवते, सगळे गुडघ्यांवर असतात, आणि तू कधीच नसायचीस. एकदा मी सगळ्या बायकांदेखत म्हणाले होते, "आई, देवासाठी आठवड्यातले दोन तासही निघत नाहीत का तुला?" तू पदरानं तोंड पुसलंस. म्हणालीस, "येईन गं एखाद्या शुक्रवारी." तेव्हाच का नाही सांगितलंस? तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो. माझ्या बोलण्याचा तर त्याहून जास्त.

तीन आठवड्यांपूर्वी उपासना सुटल्यावर शीतल मला फाटकापाशी भेटली. विमलबाईंची सून. चाकणला कंपनीत असते, दुसऱ्या शिफ्टला. म्हणाली, "ताई, आई गेल्यापासून शुक्रवारी तुमच्याकडून कोण येतं आमच्याकडे?"

"आई तुमच्याकडे यायची?"

"दोन वर्षं. सासूबाईंची नजर गेली, अंथरूण धरलं, तेव्हापासून. मी दुपारी कंपनीच्या बसनं गेले की त्या यायच्या. अंग पुसायच्या, वेणी घालायच्या." मग तिनं आवाज खाली आणला. "अजूनही शुक्रवारी हे संध्याकाळी कामावरून येतात, तेव्हा वेणी घातलेली असते. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. त्या म्हणतात, मी कुणालाही दार उघडून दिलेलं नाही."

विमलबाई. आई, एवढ्या गावात तुला त्याच सापडल्या? मी बारा वर्षांची होते. तू चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीचे पेले धुवायला घेतले होतेस. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी तुझ्या हातातलं तबक काढून घेतलं. "कॅन्टीनमध्ये उष्टी काढणारे हात पवित्र पेल्यांना नकोत," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. सोड्यानं भेगाळलेले ते हात तू पदराखाली घेतलेस आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलीस. त्यानंतर मी त्यांना 'जय ख्रिस्त' म्हणायचे ते नुसतं ओठांनी. आणि तू त्याच हातांनी त्यांचं अंग पुसत होतीस?

त्या शुक्रवारी प्रार्थनेला न जाता मी काळेवाडीला विमलबाईंकडे गेले. काकूंकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं. चार वाजले होते. खोलीत लख्ख ऊन होतं, खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. विमलबाई खाटेवर पडल्या होत्या आणि त्यांची वेणी घातलेली होती. डाव्या खांद्यावरून पुढे आणलेली, पाठीखाली टोचू नये म्हणून. मला ताप आला की तू माझी घालायचीस तशी. केस ओले होते.

माझी चाहूल लागताच त्या म्हणाल्या, "आत्ताच तर गेलीस. परत कशी आलीस?"

मी कुलूप लावलं आणि अक्षरशः पळाले.

पाळकसाहेबांना सांगितलं. मेलेलं माणूस असं येत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. ते म्हणाले, "तिथं कोण येतं ते मला माहीत नाही, सलोमी. पण तुझी आई तिथं दोन वर्षं काय करत होती ते मला माहीत होतं. तिनं कुणाला सांगू दिलं नाही. तू भीतीपोटी त्या घराकडे पाठ फिरवू नकोस."

तरी पुढच्या शुक्रवारी मी गेले नाही. पेटीवर बसले. इतकी वर्षं मी 'पवित्र, पवित्र' म्हणून गात आलेय आणि तो शब्द आपल्या धुतलेल्या पांढऱ्या साडीसाठी आहे असं कुठेतरी धरून चाललेय. त्या दिवशी त्या शब्दावर मी गाणं सोडलं आणि नुसती पेटी वाजवत राहिले. लोकांना वाटलं, तुझी आठवण आली असेल.

काल मात्र अडीचलाच गेले. केस मोकळे होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. दार मी आतून लावलं होतं. बऱ्याच वेळानं विमलबाईंनी मान दाराकडे वळवली आणि त्या हसल्या. "ये. बस." अंग आवरून त्यांनी खाटेच्या कडेला जागा केली. पडदासुद्धा हलला नव्हता, आई.

"त्या तबकाचं मला एकदा बोलू दे," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, कुणाचं तरी ऐकत असल्यासारख्या. "बरं. नाही बोलत. पण चुकलंच ते माझं."

 मी उठले. पाणी आणलं, त्यांचं तोंड पुसलं, मान पुसली. कंगवा घेतला. त्यांचे केस किती विरळ झालेत, तुला माहीतच आहे. मी विंचरत होते आणि इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. तरी मी थांबले नाही. त्या वेळी मी प्रार्थनेचा एकही शब्द उच्चारला नाही, आणि तरी मला वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा मी देवासमोर उभी आहे.

वेणी निम्मी झाल्यावर विमलबाईंनी हात वर करून माझी बोटं चाचपली. मग हात दुसऱ्या बाजूला नेला, रिकाम्या जागेत, आणि तिथंही काहीतरी चाचपलं.

"आज दोघी आहात का?" त्यांनी विचारलं.

मी वेणी पुरी केली, खांद्यावरून पुढे आणली आणि निघून आले.

आई, तुला वचन देते. आता प्रत्येक शुक्रवारी मी जाईन, आणि तू समजून त्या माझ्याशी बोलत राहतील असं होऊ देणार नाही. पुढच्या वेळी त्यांनी तेच विचारलं, तर माझ्या आवाजात म्हणेन, "मी सलोमी. आईची मुलगी." त्यानंतर त्या तुझ्यासाठी जागा करतात की नाही, ते बघायला मी थांबेन.

तुझी,
सलू