लाल खडूचे गोल

३ फेब्रुवारी, मंगळवार
आज आले. पाथर्डी फाट्याजवळची ही कुंदन-छाया सोसायटी तीन मजली, वरून ताजा पिवळा रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा. ठेकेदारानं दुरुस्तीच्या कामावर सुपरवायझर म्हणून मला पाठवलं आणि राहायला पहिल्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट दिला. ही साइट मी मागून घेतली. का, ते त्याला ठाऊक नाही. खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. चहा केला, कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणले.

माझी संध्याताई इथंच तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायची. मागच्या पावसाळ्यात कपडे वाळत घालताना गॅलरी तिच्यासकट खाली आली. तिनं भेग फार आधीच दाखवली होती. तिच्या समोर राहणारे चेअरमन ललितराव देवरे यांनी ती पुट्टीनं बुजवून वर रंग मारला आणि ताई गेल्यावर गावभर सांगितलं, की बाईंनी गॅलरीत कुंड्या फार ठेवल्या होत्या. म्हणजे मेलेलीच दोषी. या माणसाच्या तोंडून खरं वदवून घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आडनाव वेगळं असल्यामुळे मला इथं कुणी ओळखत नाही, हे एक बरं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
कामाला लागले. हातोडीनं गिलावा ठोकत जायचं. भरीव असला तर आवाज टणक येतो, आतून सुटला असला तर पोकळ. पोकळ भिंतीला मिस्त्री लोक ‘बोलते’ म्हणतात. बोलेल तिथं मी लाल खडूनं फुली मारते आणि माणसं तेवढंच फोडतात. खूण दिसली की फोडायचं, विचारत बसायचं नाही, ही माझी शिस्त. समाधान मिस्त्री देवळ्याचा आहे, कामाला वाघ.

ललितरावांच्या घरातले खांब ठोकले. अख्ख्या इमारतीत तेवढेच भरीव निघावेत, याला काय म्हणायचं? ते शेजारी उभं राहून माझं कौतुक करत होते. सुनेला सांगून चहा दिला. मी त्यांच्या चहाचा घोट घेत होते आणि मनात त्यांच्या नरडीचा.

७ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी समाधान म्हणाला, “म्याडम, आज फुलीच्या जागी गोल काढले का? बरं हाय, लांबून दिसतंय.” मी काहीच काढलं नव्हतं. वर जाऊन पाहिलं. ललितरावांच्या खांबांवर, तुळयांवर लाल गोल, प्रत्येकाला खाली छोटं शेपूट.

ताई शाळेत शिकवायची. वहीत चूक दिसली की असाच गोल काढायची, असंच शेपूट. माझ्या वह्या तिनंच तपासल्यात, मला हात ओळखता येतो.

ठोकून पाहिलं. परवा भरीव असलेला खांब आज बोलत होता. घाबरले म्हटलं तर खोटं होईल. मला आनंद झाला. समाधानला सांगितलं, फोडा.

१० फेब्रुवारी, मंगळवार
गोल वाढतायत. फक्त त्या ललितरावाच्या घरात, दुसऱ्या कुणाच्या भिंतीला बोटही लागलेलं नाही. ताईचा नेम बरोबर आहे. समाधान अडून बसला, की टेकू लावल्याशिवाय खांबाला हात नाय लावायचा. मी म्हटलं टेकू येतील, तू फोड. टेकू मी मागवलेच नाहीत.

तळमजल्यावरच्या तरन्नुमभाभी म्हणाल्या, ताईच्या बंद घरात भरदुपारी फळ्यावर लिहिल्यासारखा आवाज येतो. ललितरावांचा चेहरा उतरलाय. जेवायला बसलं की भिंत आतून ठोकते म्हणतात. मी साळसूदपणे विचारलं, समोर कोण राहायचं हो? तेच उत्तर. कुंड्या. बाईंना अक्कल नव्हती. माझ्या मनात थोडी दया उरली होती, ती तिथं संपली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
समाधान काम सोडून गेला. ज्या भिंती माझ्याआधी ठोकतात तिथं मी राहत नाय, म्हणाला. ललितरावांच्या घरच्या बायका-पोरी त्र्यंबकेश्वरला शांतीपूजेचं विचारायला गेल्यात. तो घरात एकटाच आहे.
मी भिंतीवर ठोकलं. पलीकडून ठोकलं. ताई, उद्या नाही तर परवा.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
गिलावा पडायला लागला. बाकी सगळ्यांना खाली उतरवलं. मी वर आले, ललितरावाकडे, ही वही घेऊनच. मागं दार अडकलं, चौकट दबली असणार. तो ओढतोय, हलत नाही.

बोलला. स्वतःहून. भेग दिसली होती म्हणाला, मीच बुजवली, तिचा काही दोष नव्हता. रडला. हे वाक्य मला हवं होतं.
ठोकणं थांबलं. भिंतीवरचे गोल फिके होतायत. ताईला एवढंच पुरलं —
मला नाही पुरलं.

गॅलरीला लागून कामाची परांची आहे, बांबूंची. पक्की, मीच बांधून घेतलीय. त्यानं विचारलं, तिच्यावरून उतरता येईल का? मी म्हटलं ती सुटलीय, पाय ठेवलात तर जाल. विश्वास बसला त्याचा. खुर्चीत बसून राहिला. आता मला बघायचंय.

छतावर खडू फिरतोय. नवा गोल — ठळक —
त्याच्या डोक्यावर नाही.
मी माझी खुर्ची सरकवली. गोल माझ्याबरोबर सरकला. ताई, चुकतेयस, तो तिकडे आहे — ताई कधी चुकली नाही तपासताना —

तो उठला. गॅलरीत गेला, परांची हलवून पाहिली. माझ्याकडे वळून बघितलं. उतरतोय — पक्की आहे हे कळलं त्याला —

त्याच्यामागे जायला उठले. पाय टाकीन तिथं फरशी बोलतेय. सगळीकडे बोलतेय. ताई, मी खोटं — तुझ्यासाठीच बोलले ना, तू माझी —
गोल जुळला. आता खाली शेपूट का —